राखीव निसर्गक्षेत्रातील जमीन घरांसाठी वगळण्याचा प्रस्ताव : हरकत कशी नोंदवावी

एखाद्या राखीव निसर्गक्षेत्राच्या कडेची काही हेक्टर जमीन संरक्षित यादीतून वगळून तेथे घरे बांधण्याचा प्रस्ताव निघतो, तेव्हा बहुतेक देशांत निर्णयापूर्वी लोकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात. ही मुदत कुठे ३० दिवसांची असते, तर कुठे ६० दिवसांची. त्या मुदतीत शेकडो माणसे मनापासून लिहितात आणि त्यांतली पुष्कळ पत्रे ‘प्रस्तावास सर्वसाधारण विरोध’ अशा एका ओळीत अहवालात जमा होतात. त्या पत्रांमागची तळमळ खरीच असते, पण निर्णय घेणाऱ्याला लेखी उत्तर देणे भाग पडेल असा नेमका मुद्दा त्यांत नसतो. तसा मुद्दा कसा शोधावा, त्याला पुरावा कसा जोडावा आणि तो नोंदीवर कसा आणावा, हे पुढे क्रमाने मांडले आहे. देशोदेशीचे कायदे वेगळे असले, तरी कामाचा हा क्रम जवळपास सगळीकडे सारखाच राहतो.

सूचना दोनदा वाचा : नेमका कोणता निर्णय होणार आहे?

प्रसिद्ध झालेली सूचना हाती आली की प्रथम एवढेच शोधावे की शासन किंवा स्थानिक संस्था नेमके काय करू पाहते. कधी संपूर्ण क्षेत्राचा दर्जा रद्द करायचा असतो, कधी हद्द आत सरकवून कडेचा पट्टा मोकळा करायचा असतो, तर कधी दर्जा कायम ठेवून त्याखालचे निर्बंध सैल करायचे असतात. या तिन्हींचे परिणाम वेगळे असल्याने हरकतीही वेगळ्या असतात. हद्द सरकवण्याच्या प्रस्तावाला ‘अभयारण्य रद्द करू नका’ असे उत्तर दिले, तर ‘अभयारण्य रद्द होतच नाही’ एवढे म्हणून ते बाजूला ठेवता येते.

दुसऱ्या वाचनात हा निर्णय कोणाच्या अधिकारातला आहे ते पाहावे. इंग्लंडमध्ये स्थानिक निसर्गराखीव क्षेत्रे १९४९ च्या राष्ट्रीय उद्यानविषयक कायद्याच्या कलम २१ खाली स्थानिक संस्था स्वतः घोषित करतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्याची हद्द बदलायची असेल, तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते; राज्य शासनाला ती एकट्याने बदलता येत नाही. म्हणजे एका ठिकाणी तुमच्या पत्राचा वाचक नगरसभेच्या कचेरीत बसलेला असतो, तर दुसऱ्या ठिकाणी त्याच्यावर आणखी दोन पायऱ्या असतात आणि त्या प्रत्येक पायरीकडे पत्राची प्रत जायला हवी.

संरक्षित दर्जा काढणे आणि बांधकामाला परवानगी देणे हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत, ही गोष्ट सर्वांत अधिक वेळा नजरेतून सुटते. पहिल्या निर्णयाच्या वेळी माहितीपत्रकात तळी, पायवाटा, राखून ठेवलेली मोठी झाडे आणि मोजकी घरे रंगवलेली असतात. प्रत्यक्ष आदेशात मात्र भूखंडांचे क्रमांक, क्षेत्रफळ आणि नकाशावरची एक नवी रेषा एवढेच उरते. दर्जा गेल्यानंतर दोन वर्षांनी दुसरा विकासक दुप्पट घरांचा आराखडा घेऊन आला, तर त्या रंगीत चित्रांचा त्याला काहीही बांध नसतो. म्हणून माहितीपत्रक बाजूला ठेवून आदेशाचा मसुदाच समोर घ्यावा आणि माहितीपत्रकातले जे आश्वासन मसुद्यात नाही, त्याची यादी करावी. तुमच्या हरकतीतला पहिला ठोस मुद्दा बहुधा या यादीतूनच मिळतो.

शेवटच्या तारखेपासून उलटे मोजा

मुदत संपण्याच्या तारखेपासून मागे मोजत कामाचे दिवस ठरवावेत. शेवटचे तीन दिवस पत्र दाखल करण्यासाठी मोकळे ठेवावेत, कारण ऐन वेळी संकेतस्थळ बंद पडते, सुट्टी येते किंवा आवक विभागात घेणारे कोणी नसते. त्याआधीचा आठवडा लेखनाचा आणि उरलेला सगळा काळ कागद मिळवण्याचा व जमीन पाहण्याचा. कागद मागण्याचा अर्ज पहिल्या दोन-तीन दिवसांतच गेला पाहिजे. माहिती अधिकाराखाली उत्तर मिळायला लागणारा काळ पुष्कळदा हरकतींच्या मुदतीएवढाच असतो. कागद वेळेत न मिळाल्यास मुदतवाढीचा लेखी अर्ज करावा आणि त्यात मागितलेल्या कागदांची यादी व मागणीची तारीख घालावी. वाढ नाकारली गेली, तरी ती मागितल्याची नोंद पुढे उपयोगी पडते.

भाषेचा प्रश्नही याच टप्प्यावर उपस्थित करावा. ज्यांच्या दाराशी ही जमीन आहे त्यांना मसुदा कळत नसेल, तर त्यांचे मत मागवले असे कसे म्हणावे? भारतात २०२० साली पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा आला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांमध्ये त्याचे भाषांतर करण्यास सांगितले. भाषांतराची मागणी ही केवळ सोयीची मागणी नाही, हे सांगताना हे उदाहरण देता येते.

जुनी फाइल बाहेर काढा

ही जमीन मुळात राखीव का झाली होती, या प्रश्नाचे उत्तर पहिल्या घोषणेच्या आदेशात आणि त्याला जोडलेल्या टिपणांत असते. तो आदेश, त्याचा मूळ नकाशा, त्यानंतरचे व्यवस्थापन आराखडे, आजवर झालेली सर्वेक्षणे आणि जमिनीच्या मालकीचे कागद यांच्या प्रती मागाव्यात. मालकीच्या कागदांत अनेकदा मोलाचे काही सापडते. जमीन कोणी अटीवर दान दिलेली असते, किंवा ती घेताना सार्वजनिक निधी वापरलेला असतो आणि त्या निधीला उपयोगाची अट जोडलेली असते.

आदेशातील मूळ कारण आणि आजची स्थिती शेजारी शेजारी ठेवून पाहावी. कारण अजून टिकून असेल, तर ते पुराव्यासह सांगणे सोपे आहे. अवघड असते ती दुसरी शक्यता : प्रस्तावात लिहिलेले असते की क्षेत्राचा ‘पर्यावरणीय दर्जा खालावला आहे’, आणि ते खरेही असते. गवताळ माळ झुडपांनी भरलेला असतो, तळ्यात गाळ साठलेला असतो, कुंपण पडून राडारोडा टाकला गेलेला असतो. अशा वेळी हे नाकारण्यात अर्थ नाही. व्यवस्थापन आराखड्यात कोणती कामे कोणत्या वर्षी करायची ठरली होती आणि त्यांतली कोणती झाली, हे तक्त्यात मांडावे. ज्या संस्थेने ती कामे केली नाहीत, तिनेच खालावलेल्या स्थितीचे कारण देऊन जमीन वगळावी, यातली विसंगती तो तक्ता दाखवून देतो. शिवाय झुडपे काढता येतात आणि गाळही उपसता येतो, तेव्हा पुनरुज्जीवनाचा विचार झाला होता का आणि त्याचा खर्च काढला होता का, हा रास्त प्रश्नही त्यातून उभा राहतो.

नकाशा हातात घेऊन हद्द चाला

प्रस्तावित नवी हद्द जमिनीवर नेमकी कुठून जाते, हे प्रत्यक्ष चालून पाहिल्याशिवाय कळत नाही. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. सूचनेतील लाल रेषा एक मिलिमीटर जाड असेल, तर त्या रेषेच्या जाडीतच एखादा ओढा, दोन्ही काठांची झाडे आणि मधली पायवाट सहज मावते. ओढा रेषेच्या आत राहणार की बाहेर जाणार, हे त्या नकाशावरून कोणालाही सांगता येणार नाही. अशा वेळी मोठ्या प्रमाणाच्या मोजणी नकाशाची आणि हद्दीच्या प्रत्येक कोपऱ्याच्या अक्षांश-रेखांशांची मागणी करावी. ज्या मसुद्यावरून कोणती जमीन वगळली जाणार हेच निश्चित होत नाही, त्यावर मत देता येत नाही, ही हरकत तांत्रिक वाटली तरी भक्कम असते.

चालताना रेषेच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते लिहीत जावे. पाणी कोणत्या बाजूला उतरते, पावसानंतर कुठे साचून राहते, प्राण्यांच्या ये-जा करण्याच्या वाटा कुठे ओलांडतात, जुन्या झाडांच्या ढोल्या कुठे आहेत, हे टिपून ठेवावे. प्रत्येक छायाचित्राबरोबर दिवस, वेळ, उभे राहण्याची जागा आणि कॅमेऱ्याची दिशा लिहावी. हे काम लवकर करण्याला आणखी एक कारण आहे. सिंगापूरमध्ये क्रांजी येथील झाडीचा सुमारे ४.५ हेक्टर भाग जैवविविधतेचा अभ्यास पूर्ण होण्याआधीच चुकीने साफ झाल्याचे २०२१ साली उघड झाले. असे काही घडले, तर आधी तेथे काय होते हे सांगणारी नोंद फक्त तुमच्याकडे असू शकते.

पुरावा : काय, कधी, कुठे, कोणी पाहिले

‘येथे खूप पक्षी आहेत’ या वाक्याला उत्तर देण्याची गरज कोणाला भासत नाही. जातीचे नाव, संख्या, तारीख, वेळ, ठिकाण आणि पाहणाऱ्याचे नाव एवढे असले की तीच गोष्ट नोंद ठरते. आयनॅचरलिस्ट आणि ईबर्ड या खुल्या नोंदस्थळांवर आधीच्या वर्षांतल्या नोंदी बहुधा सापडतात. त्या मुदतीत जमवलेल्या नोंदींपेक्षा अधिक वजनदार ठरतात, कारण त्या वादाच्या आधीच्या असतात. दुर्मीळ जातीचे घरटे असेल, तर त्याची नेमकी जागा सार्वजनिक न करता फक्त प्राधिकरणाला बंद पाकिटात द्यावी.

प्रस्तावासोबत जोडलेला सर्वेक्षण अहवाल तपासताना सर्वांत आधी त्याच्या तारखा पाहाव्यात. सर्वेक्षण एकाच ऋतूत झाले का? स्थलांतरित पक्षी असतात त्या महिन्यांत झाले का? बेडूक, वटवाघळे, निशाचर पतंग यांच्यासाठी कोणी रात्री गेले होते का? दोन दिवसांच्या कोरड्या हंगामातील फेरीवरून ‘उभयचर आढळले नाहीत’ असा निष्कर्ष काढलेला असेल, तर तो निष्कर्ष ज्या तारखांवर उभा आहे त्या दाखवणे पुरेसे असते. अहवाल खोटा आहे असे म्हणण्याची आवश्यकता नसते, आणि ते म्हणूही नये.

मोजणीत किती बळ असते, हे इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या लॉज हिल या जुन्या लष्करी जागेच्या प्रकरणात दिसले. तेथे ५,००० घरांची वसाहत नियोजित होती. २०१२ मध्ये तेथे नाइटिंगेल पक्ष्याच्या गाणाऱ्या नरांची मोजणी झाली आणि ८० हून अधिक नर आढळले. देशातील एकूण संख्येच्या एक टक्क्याहून ही संख्या जास्त होती. त्या आधारावर २०१३ साली त्या जागेला विशेष वैज्ञानिक महत्त्वाचे क्षेत्र म्हणून दर्जा मिळाला. स्थानिक परिषदेने २०१४ मध्ये तरीही आराखड्याला मान्यता दिली. पुढे केंद्रीय मंत्र्यांनी प्रकरण सार्वजनिक चौकशीसाठी स्वतःकडे घेतले आणि २०१७ मध्ये तो अर्ज मागे घेण्यात आला. निसर्गप्रेमींचा विरोध मोठा होता हे खरे, पण त्या सगळ्या वादात प्रत्येक पक्षाला ज्याला सामोरे जावे लागले तो आकडा पहाटे-रात्री उभे राहून ऐकलेल्या गाण्यांतून आलेला होता.

वगळलेल्या जमिनीबरोबरच उरलेल्या जमिनीचे काय होईल, हे मांडायला पुष्कळ जण विसरतात. ‘केवळ चार टक्के क्षेत्र वगळले जात आहे’ असे प्रस्तावात म्हटलेले असते. घरांचा परिणाम मात्र घरांच्या भिंतीपाशी थांबत नाही. रात्रीचे दिवे, मोकळी मांजरे, फिरायला नेलेले कुत्रे, सांडपाणी, बागांतून पसरणाऱ्या परक्या वनस्पती हे सगळे हद्दीच्या आत शिरते. लंडनच्या नैर्ऋत्येकडील थेम्स खोऱ्यातील माळरानांवर रातवा, चंडोलाचा एक भाईबंद आणि डार्टफर्ड वॉर्बलर नावाचा छोटा वटवट्या या तीन पक्ष्यांसाठी संरक्षण आहे आणि ते जमिनीवर किंवा जमिनीलगत घरटी करतात. तेथे संरक्षित हद्दीपासून ४०० मीटरांच्या आत नवे घर सहसा होऊ दिले जात नाही, आणि ५ किलोमीटरपर्यंतच्या नव्या घरांसाठी दर हजार रहिवाशांमागे किमान ८ हेक्टर पर्यायी मोकळी जागा द्यावी लागते, जेणेकरून फिरायला जाणारे लोक माळरानावर कमी जावेत. तुमच्याकडचा नियम वेगळा असेल, तरी एक साधे काम करता येते : नव्या हद्दीपासून आत ४०० मीटरांची रेषा नकाशावर काढावी आणि त्या पट्ट्यात किती क्षेत्र व कोणती घरटी येतात ते मोजावे. वगळलेले क्षेत्र चार टक्के आणि बाधित क्षेत्र कदाचित त्याच्या कितीतरी पट, हा फरक एका नकाशात दिसतो.

घरांचा प्रश्न टाळू नका

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरे हवीच आहेत. भाड्याच्या एका खोलीत पाच जण राहणाऱ्या कुटुंबाला रातव्याच्या घरट्याचे महत्त्व सांगताना ऐकणाऱ्याचे मनही जपावे लागते. ज्या हरकतीत घरांच्या गरजेचा उल्लेखच नसतो, ती ‘आमच्या दाराशी नको’ या वर्गात टाकली जाते, आणि कधी कधी ती त्या वर्गातली असतेही. म्हणून गरज मान्य करून पुढचा प्रश्न विचारावा : ही गरज याच जमिनीवाचून भागत नाही, हे कोणत्या कागदाने सिद्ध केले आहे?

त्यासाठी तीन गोष्टी मागाव्यात. घरांच्या गरजेचा आकडा कोणत्या लोकसंख्या-अंदाजावर काढला आहे; शहरात मंजूर होऊनही न बांधलेली घरे, रिकामी घरे आणि पडीक औद्योगिक जमीन किती आहे; आणि या जागेबरोबर आणखी कोणत्या जागांची तुलना झाली व त्या कोणत्या निकषांवर नाकारल्या. चौथा प्रश्न येथे बांधली जाणारी घरे कोणाला परवडतील हा आहे. गरजूंच्या नावाने वगळलेल्या जमिनीवर महागडी घरे उभी राहणार असतील आणि परवडणाऱ्या घरांचे प्रमाण आदेशात बांधलेले नसेल, तर प्रस्तावाचे मुख्य कारणच लंगडे पडते.

कॅनडातील ओंटारिओ प्रांताचे उदाहरण येथे सविस्तर पाहण्यासारखे आहे. तेथे २००५ साली सुमारे २० लाख एकरांचा हरितपट्टा कायद्याने संरक्षित झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रांत सरकारने किमान ५०,००० घरांसाठी त्यातील १५ ठिकाणची सुमारे ७,४०० एकर जमीन वगळण्याचा आणि बदल्यात दुसरीकडची ९,४०० एकर जोडण्याचा प्रस्ताव मांडला. मतांसाठी ३० दिवस दिले. ३०,००० हून अधिक मते आली, त्यांतली बहुसंख्य विरोधात होती, आणि डिसेंबरमध्ये प्रस्ताव जसाच्या तसा मंजूर झाला. येथपर्यंतची गोष्ट अनेकांना ओळखीची वाटेल.

पुढे काय झाले? त्याच सरकारने नेमलेल्या गृहनिर्माण कृतिदलाने फेब्रुवारी २०२२ मध्येच लिहून ठेवले होते की जमिनीची टंचाई हे समस्येचे कारण नाही. वस्तीत आणि हरितपट्ट्याबाहेर जमीन उपलब्ध आहे. हे वाक्य विरोधकांनी सतत पुढे ठेवले. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रांताच्या महालेखापाल बॉनी लायसिक यांनी अहवाल दिला : जागा निवडण्याच्या प्रक्रियेत काही विकासकांना झुकते माप मिळाले आणि जमीनमालकांच्या मालमत्तेचे मूल्य ८.२८ अब्ज डॉलरांहून अधिक वाढण्याची शक्यता निर्माण झाली. सप्टेंबरमध्ये गृहनिर्माण मंत्री स्टीव्ह क्लार्क यांनी राजीनामा दिला, २१ सप्टेंबरला प्रांतप्रमुख डग फोर्ड यांनी निर्णय मागे घेतला आणि वर्ष संपण्याआधी ती जमीन कायद्याने पुन्हा हरितपट्ट्यात आली. हरकत लिहिणाऱ्याने यातून दोन कामे उचलावीत. एक, शासनाचे स्वतःचेच जुने अहवाल शोधावेत, कारण बाहेरच्या तज्ज्ञाचे मत नाकारता येते, पण स्वतःच्या समितीचे वाक्य नाकारताना कारण द्यावे लागते. दुसरे, जागा कोणी सुचवल्या, केव्हा सुचवल्या आणि त्या जमिनींची मालकी गेल्या काही वर्षांत कोणाकडे गेली, हे नोंदणीच्या कागदांवरून तपासावे. त्यात काही आढळले, तर आरोप न करता फक्त तारखा मांडाव्यात.

भरपाईच्या आश्वासनाची परीक्षा

जमीन घेऊन दुसरीकडे जमीन देण्याचा किंवा झाडे लावण्याचा देकार बहुतेक प्रस्तावांत असतो. दिलेली जमीन आधीपासूनच बांधकामापासून सुरक्षित होती का, तिथला अधिवास त्याच प्रकारचा आहे का, जुना अधिवास नष्ट होण्यापूर्वी नवा तयार होईल का, आणि देखभाल किती वर्षे, कोणाच्या पैशातून, हे प्रश्न विचारावेत. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून बहुतेक नव्या बांधकामांना जैवविविधतेत किमान १० टक्के निव्वळ वाढ दाखवावी लागते आणि ती ३० वर्षे टिकवावी लागते. पण प्राचीन जंगलासारखे अधिवास त्या हिशेबात भरून न येणारे म्हणूनच धरले आहेत. पाणथळ जागेच्या बदल्यात डोंगरउतारावर रोपे लावण्याचा प्रस्ताव असेल, तर त्यावर एक परिच्छेद पुरे.

आता पत्र लिहा

पत्राच्या सुरुवातीला प्रस्तावाचा क्रमांक, तारीख, तुमचे नाव-पत्ता, त्या जागेशी असलेला संबंध आणि एका वाक्यात मागणी लिहावी. मागणी स्पष्ट असावी : प्रस्ताव रद्द करावा, की अमुक भूखंड त्यातून काढावेत, की पुरेशा सर्वेक्षणानंतर तो नव्याने प्रसिद्ध करावा. मुख्य आणि पर्यायी अशा दोन मागण्या दिल्या तरी चालतात. नंतर प्रत्येक हरकतीला स्वतंत्र क्रमांक द्यावा. पाच-सहा हरकती पुरेशा होतात. वीस लिहिल्या तर दुबळ्या हरकतींना आधी उत्तर देऊन सबळ हरकती मागे ढकलल्या जातात.

एक नमुना पाहू. बहुतेक जण असे लिहितात : ‘हे तळे आमच्या परिसराचे फुप्फुस आहे. येथे असंख्य पक्षी येतात. ते नष्ट करणे हा निसर्गावर अन्याय आहे.’ यातला शब्दन् शब्द खरा असू शकतो, पण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला यावर ‘नोंद घेतली’ एवढेच लिहायचे असते. तीच हरकत समजा अशी लिहिली :

‘हरकत क्र. २. मसुद्याच्या परिच्छेद ४ नुसार भूखंड १७ हा कोरडा पडीक माळ असून त्यावर पाणथळ अधिवास नाही. सोबतच्या परिशिष्ट ख मधील छायाचित्रे १ ते ६ एकाच ठिकाणाहून सहा महिन्यांत घेतलेली आहेत. त्यांपैकी चार महिन्यांत भूखंडाच्या ईशान्य कोपऱ्यात पाणी दिसते. प्रस्तावासोबतचे सर्वेक्षण ज्या दोन दिवशी झाले, ते दोन्ही दिवस उरलेल्या कोरड्या काळातील आहेत. मूळ घोषणेच्या आदेशात हाच कोपरा हंगामी पाणथळ म्हणून दाखवला आहे. त्यामुळे परिच्छेद ४ मधील निष्कर्ष कोणत्या आधारावर काढला, हे स्पष्ट करावे आणि चारही ऋतूंतील सर्वेक्षण होईपर्यंत भूखंड १७ प्रस्तावातून वगळावा.’

येथे मसुद्यातले विधान आहे, त्याला छेद देणारा पुरावा आहे, शासनाचाच जुना कागद आहे, आणि शेवटी प्रश्न व मागणी आहे. ‘नोंद घेतली’ हे याचे उत्तर होऊ शकत नाही. हरकतीची हीच बांधणी प्रत्येक मुद्द्याला लावावी. तळ्याविषयीची आपली माया लिहायची असेल, तर ती अवश्य लिहावी, पण शेवटच्या परिच्छेदात. अनेक वर्षे एखाद्या जागेशी नाते असणे हीदेखील नोंदवण्याजोगी माहिती आहे.

भाषा संयमाची ठेवावी. अधिकाऱ्याच्या हेतूवर शंका घेणारे एक वाक्य बाकीच्या दहा वाक्यांचे वजन कमी करते.

इतरांना सोबत घेताना

छापील नमुन्यावर शंभर जणांनी सह्या केल्या, तर अनेक ठिकाणी ती एकच हरकत धरली जाते. त्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या माहितीतले दहा वेगळे मुद्दे लिहिणे चांगले. मासेमारी करणाऱ्याने पाण्याविषयी, शिक्षकाने मुलांच्या सहलींविषयी, उतारावर राहणाऱ्याने पुराविषयी, निवृत्त अभियंत्याने सांडपाण्याच्या क्षमतेविषयी लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत उतरवून, वाचून दाखवून, त्यांची सही किंवा अंगठा घ्यावा.

जनसुनावणी असेल, तर बोलायला बहुधा तीनच मिनिटे मिळतात. तेवढ्यात एकच हरकत, तिचा क्रमांक सांगून, मांडावी आणि लेखी प्रत तिथेच द्यावी. इतिवृत्तात तुमचे म्हणणे कसे लिहिले गेले ते नंतर तपासून, चूक असल्यास लेखी दुरुस्ती मागावी. पत्र दाखल करताना पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये : प्रत्यक्ष दिले तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, टपालाने पाठवले तर नोंदणीकृत पावती, ई-मेलने पाठवले तर पाठवल्याची वेळ दिसेल अशी छापील प्रत.

मुदत संपल्यानंतर

येथून पुढे बहुतेक लोक थांबतात आणि फक्त वाट पाहतात, पण याच काळात हरकतींचा गोषवारा तयार होत असतो. तो निर्णयापूर्वी पाहायला मागावा. आपली हरकत त्यात आहे का, तिचा अर्थ बदललेला नाही ना, आणि तिच्यापुढे काय उत्तर लिहिले आहे, हे क्रमांकाने तपासावे.

सल्लामसलत न्याय्य झाली की नाही, हे मोजण्यासाठी इंग्लंडच्या न्यायालयांनी वापरलेल्या चार कसोट्या इतरत्रही विचाराला दिशा देतात. लंडनमधील ब्रेंट येथील शाळा बंद करण्याच्या वादात १९८५ साली त्या मांडल्या गेल्या आणि २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मान्यता दिली : प्रस्ताव घडत असतानाच मते मागवली पाहिजेत, विचारपूर्वक उत्तर देता येईल इतकी कारणे सांगितली पाहिजेत, पुरेसा वेळ दिला पाहिजे, आणि आलेली मते निर्णय घेताना प्रामाणिकपणे विचारात घेतली पाहिजेत. युरोपातील आणि आसपासच्या देशांचा १९९८ चा आर्हस करार सर्व पर्याय खुले असतानाच लोकसहभाग घ्यावा असे सांगतो, तर लॅटिन अमेरिका व कॅरिबियन देशांचा एस्काझू करार २०२१ पासून तशाच हक्कांसाठी लागू आहे. जमीनविक्रीचा करार किंवा रस्त्याची निविदा हरकतींच्या मुदतीआधीच झाली असेल, तर पहिल्या कसोटीसाठी तो कागद जपून ठेवावा.

निर्णय विरोधात गेला, तर सकारण आदेशाची प्रत त्याच दिवशी मागावी आणि वकिलाचा सल्ला त्याच आठवड्यात घ्यावा, कारण दाद मागण्याची मुदत फार थोडी असते. इंग्लंडमध्ये नियोजनविषयक निर्णयाला न्यायालयात आव्हान देण्यासाठी सहा आठवडे मिळतात. भारतात पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करण्याची मूळ मुदत ३० दिवसांची आहे. वकिलाकडे जाताना बरोबर न्यायची फाइल एवढीच : मसुदा, तुमची शिक्का असलेली हरकत, गोषवारा आणि अंतिम आदेश. हरकत क्रमांक २ ला आदेशात उत्तर आहे का, हे तो पहिल्या भेटीतच शोधेल.

निर्णय बाजूने लागला, तरी त्या जमिनीवरच्या नोंदी चालू ठेवाव्यात आणि रखडलेला व्यवस्थापन आराखडा पूर्ण करण्याची मागणी लेखी लावून धरावी. तोच प्रस्ताव नव्या क्रमांकाने पुन्हा येऊ शकतो, आणि तेव्हा चारही ऋतूंच्या नोंदी हाताशी असतील.